शाळा तपासायला जाताय? आधी वह्या मागा

मूल्यांकनाच्या पथकात नाव लागलं की आपण पहिल्यांदा विचारतो, गाडी कोणाची. मागच्या वेळी मीही तेवढंच विचारून निघालो आणि तोंडावर पडलो. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आदल्या रात्री शाळेने स्वतःच भरलेला स्वयंमूल्यमापनाचा तक्ता वाचा. मी गेलो तेव्हा तो ‘शाळासिद्धी’ या सरकारी मूल्यांकन पद्धतीचा होता: सात क्षेत्रं, 46 मानकं, तीन स्तर, तिसरा सगळ्यात वरचा. शाळेने जिथे स्वतःला सगळ्यात वरचा स्तर दिलाय तिथे खूण करा. पेन-चष्मा सांगत बसत नाही. डबा मात्र न्याच. शाळेचं श्रीखंड-पुरी खाल्ल्यावर कडक शेरा लिहवत नाही.

परिपाठाच्या आधी पोचा. वेळापत्रक हातात घ्या आणि कोणता तास बघायचा ते तुम्ही ठरवा, ‘चला सर, आमच्या नववी ब मध्ये’ असं म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. बदली तासांची वही (गैरहजर शिक्षकाचा तास कोणी घेतला त्याची नोंद) मागा. आणि वर्गात बसलात की शेजारच्या पोराची वही मागा. वही!

मी मागितली नव्हती. नववीचा भूमितीचा तास बघितला, झकास झाला. फळा नेटका, प्रश्न संपायच्या आत हात वर. मी सढळ हाताने तिसरा स्तर लिहिला. परतताना एसटी स्टँडवर त्याच वर्गातली एक मुलगी भेटली. म्हणाली, “ते सर दहावीला असतात. आमचा गणिताचा तास दिवाळीपासून ऑफच असतो.” दप्तरातून वही काढून दाखवली. बहुपदीचं तिसरं उदाहरण अर्धवट, वर ऑक्टोबरची तारीख. पुढचं पान थेट त्या दिवशीचं, जानेवारीतलं, भूमितीचं. मधे काहीच नाही. वर्गात चाळीस मिनिटं ही वही माझ्यापासून हातभर लांब होती.

तेव्हा वह्या. पहिल्या बाकाची नको, ती सजवलेली असते. मागच्या बाकावरची, आणि काल गैरहजर असलेल्याची. तारखा सलग आहेत का? शिक्षकांच्या टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी नियोजनात, जो घटक ‘पूर्ण’ आहे तो वहीत आहे का? लाल शाईत नुसती सही आहे की चूक दाखवलीय, आणि पोराने ती पुन्हा सोडवलीय? प्रयोगवही असेल तर तीही. टाचण खोटं लिहिता येतं, साठ पोरांच्या वह्या एका रात्रीत लिहून होत नाहीत.

दहावीच्या निकालाच्या फ्लेक्सकडे फार बघू नका. राज्याचा निकाल 2018 ला 89.41 टक्के होता. 2019 ला भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले आणि तो 77.10 वर आला. शिक्षक तेच होते.

मुख्याध्यापकांचं लॉगबुक, म्हणजे त्यांनी बघितलेल्या पाठांची नोंदवही, उघडा. ‘पाठ चांगला झाला’ हे वाक्य ओळीने वीस पाठांना असेल तर ते वर्गात गेलेले नाहीत, किंवा गेले आणि झोपले. एका शिक्षकाला काय सुचवलं आणि महिन्याने पुन्हा जाऊन बघितलं का, एवढं शोधा. अनुदानित शाळेत जागा रिकामी असली तर दोष सरसकट मुख्याध्यापकांवर टाकू नका. संचमान्यता (सरकारने मंजूर केलेली शिक्षकांची पदं), पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट), शाळा चालवणारी संस्था, यातलं काही त्यांच्या हातात नसतं. पण रिकाम्या तासाचं काय केलं, हे विचारायचंच. ‘दहावीच्या सरांना आठवड्यातून दोन तास दिले’ हेही उत्तर चालेल. पाहुण्यांपुरते दिले, हे चालणार नाही. आणि ते कळणार कशातून, तर वहीतून. (हो, पुन्हा तेच.)

मधल्या सुट्टीत ऑफिसात चहा घेत बसू नका, मैदानावर जा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि किल्ली कोणाकडे, ते पथकातल्या बाईंना बघायला सांगा. पालक भेटले तर शाळेने बोलावलेले सोडून दुसरे दोघे गाठा. ग्रंथालय, प्रयोगशाळा: धूळ बघा, पुरे.

अहवाल त्याच संध्याकाळी लिहा, दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळा सारख्याच आठवतात. स्तर, पुरावा, सही. पुराव्याच्या रकान्यात वहीतली शेवटची तारीख टाका.