तारीख बघा, नाव बघा, मगच पाठवा: स्पेशल लायब्ररीत न्यूज आणि वेब सर्च करताना या चुका टाळा

लॉ फर्म असो, बँक असो, फार्मा कंपनी असो नाहीतर वर्तमानपत्राचं ऑफिस, स्पेशल लायब्ररीत, म्हणजे एखाद्या संस्थेच्या स्वतःच्या कामासाठी चालणाऱ्या लायब्ररीत, आपण दिलेल्या उत्तरावर दुसरं कोणीतरी तासाभरात काहीतरी करून मोकळं होतं. क्लायंटला मेल जातो, कोर्टात कागद दाखल होतो, बातमी छापून येते. वाचक पुस्तक घेऊन घरी गेला, नाही आवडलं, परत आणून दिलं, असं इथे नसतं. मी फोर्टमधल्या एका लॉ फर्मच्या लायब्ररीत बरीच वर्षं काढली आणि एमलिब (ग्रंथालयशास्त्रातली पदव्युत्तर पदवी) करून आलेली हुशार मुलंमुली त्याच त्याच चुका करताना बघतेय, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

पानावरची तारीख म्हणजे बातमीची तारीख नव्हे

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ऑगस्ट २०२० मध्ये राज्य सरकारने कोविडमुळे थंडावलेल्या घरखरेदीला हात द्यायला मुद्रांक शुल्क कमी केलं. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुंबईत ५ टक्क्यांऐवजी २ टक्के, मग जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये ३ टक्के, आणि ३१ मार्चला विषय संपला. त्यानंतर काही वर्षांनी, नेमका ऑगस्टच चालू होता, एका वकीलसाहेबांनी दुपारी विचारलं की सध्या स्टॅम्प ड्युटीत काही सवलत आहे का, क्लायंटला ऑफिसची जागा घ्यायचीय, संध्याकाळपर्यंत सांगा. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलाने पाच मिनिटांत "मॅडम, मिळालं" म्हणत प्रिंट आणली. पानाच्या डोक्यावर त्याच दिवशीची तारीख, खाली मोठ्या अक्षरात मुद्रांक शुल्कात कपात, आणि मजकुरात "येत्या १ सप्टेंबरपासून". सालच नाही. ऑगस्टमध्ये वाचणाऱ्याला ते पुढच्याच आठवड्यातलं वाटणार, त्यात नवल काय. तोपर्यंत पोराने वकीलसाहेबांना फोन करून सांगितलंही होतं आणि त्यांचा मेल अर्धा टाइप झाला होता.

ती प्रिंट मी वाचली तेव्हा तिसऱ्या परिच्छेदात "महसूलमंत्री बाळासाहेब थोरात" असं आलं, आणि त्या ऑगस्टमध्ये महसूल खातं त्यांच्याकडे नव्हतं, ते २०१९ ते २०२२ च्या सरकारात होतं. मेल थांबवला. मुंबईत तेव्हा दर मेट्रोच्या एक टक्का अधिभारासकट ६ टक्के होता. म्हणजे ५ कोटींच्या जागेवर २० लाखांचा फरक, आणि क्लायंटने त्या हिशेबाने लोन मागितलं असतं.

झालं काय होतं, तर बऱ्याच न्यूज साइट डोक्यावर आजची तारीख आपोआप दाखवतात, ती बातमीची नसते, कॅलेंडरची असते. दुसरं म्हणजे "अपडेटेड" म्हणून जी तारीख येते ती कधी कधी फोटो बदलला, जाहिरात हलवली, साइट नवीन सिस्टिमवर नेली तरी बदलते. गूगल कधी ही उचलतं कधी ती.

माझी सवय सांगते, तिला पद्धत म्हणू नका. आधी मजकुरातली माणसं बघायची, मंत्री कोण, आयुक्त कोण, कंपनीचा चेअरमन कोण, कारण पदावरची माणसं बदलतात आणि त्यावरून साल बहुतेक वेळा लागतं. मग कंट्रोल-यू दाबून पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडायचा आणि त्यात डेटपब्लिश्ड (datePublished) शोधायचं, शेजारी डेटमॉडिफाइड (dateModified) असतं त्यात गोंधळ करायचा नाही. तरी शंका राहिली तर जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर ते पान पहिल्यांदा कधी साठवलं गेलं ते बघायचं, बातमी त्यानंतरची असू शकत नाही. आणि सरकारी निर्णय असेल तर बातमीवर थांबायचंच नाही, मूळ अधिसूचना किंवा जीआर काढायचा. बातमी म्हणजे नोटिफिकेशन कुठे शोधायचं ते सांगणारी खूण, त्यापलीकडे तिला किंमत देऊ नका. वेळ नाही म्हणून हे टाळणाऱ्या मुलांना मी सांगते की बाबा, मेल मागे घ्यायला याच्या दसपट वेळ जातो.

तारखेच्याच नात्यातलं अजून एक. गूगलमध्ये टूल्सखाली जे "गेल्या वर्षभरातलं" वगैरे येतं त्यापेक्षा आफ्टर आणि बिफोर वापरा, शब्दाला चिकटून कोलन आणि मग वर्ष-महिना-दिवस. २०१९ पासून आहे ही सोय. पण तीसुद्धा गूगलला वाटलेल्या तारखेवरच चालते, त्यामुळे वरचं सगळं तरीही करावंच लागतं.

एकाच नावाने, एकाच स्पेलिंगने शोधणं

ही माझी दुसरी लाडकी तक्रार. मुंबईच्या उपनगरातल्या वीजदरांचा इतिहास कोणीतरी मागतं आणि नवीन माणूस "अदानी इलेक्ट्रिसिटी" टाकून बसतो, मग येऊन म्हणतो २०१८ च्या आधीचं काहीच नाहीये. असणार कसं? तीच वीज आधी बीएसईएस द्यायची, २००४ मध्ये तिचं रिलायन्स एनर्जी झालं, पुढे रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चर, आणि २०१८ मध्ये मुंबईचा धंदा अदानींकडे गेला. महावितरणचं तसंच, २००५ च्या आधी सगळं एमएसईबी, म्हणजे महाराष्ट्र राज्य वीज मंडळ. टाटा मोटर्स २००३ पर्यंत टेल्को होती, टाटा स्टील २००५ पर्यंत टिस्को, हिंदुस्तान युनिलिव्हर २००७ पर्यंत हिंदुस्तान लिव्हर. शोधायला बसण्याआधी नावांची ही वंशावळ एका कागदावर काढायची आणि प्रत्येक नाव त्याच्या त्याच्या काळात शोधायचं. मी अशी नावांची एक वही ठेवलीय, नवीन नाव कळलं की भर घालते.

गावांचं तर सध्या फारच बघावं लागतं. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव, २०२४ पासून अहिल्यानगर. जुन्या बातम्या जुन्या नावाखाली, नव्या नव्या नावाखाली, आणि हायकोर्टाच्या कागदात अजूनही औरंगाबाद खंडपीठ. कायद्याच्या कलमांचंही तेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) आहे आणि खुनाचं ३०२ आता १०३. नुसतं ४२० टाकून फसवणुकीच्या केसेस काढणाऱ्याला त्यानंतरच्या गुन्ह्यांतलं अर्धंमुर्धंच मिळणार, आणि नुसतं ३१८ टाकणाऱ्याला आधीचं काहीच नाही.

आता मराठीतल्या शोधाबद्दल, कारण हे कोणी शिकवतच नाही. "शेतकऱ्यांना" आणि "शेतकर्‍यांना" हे दोन शब्द डोळ्याला जवळपास सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला नाही. त्यातला तो आडवा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो, कोण कुठला कीबोर्ड वापरतो त्यावर. "अ‍ॅप" आणि "ॲप" चंही तसंच. गूगल बऱ्याचदा सांभाळून घेतं, पण न्यूज साइटच्या आतला सर्च, पीडीएफमधला कंट्रोल-एफ आणि आपल्याच लायब्ररीचा कॅटलॉग सांभाळून घेईलच याचा भरवसा नाही. दोन्ही रूपं एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि तिथून कॉपी-पेस्ट करा, किंवा सरळ तेवढं अक्षर टाळून "शेतक" एवढंच टाका. शिवाय साल देवनागरी आकड्यात एकदा आणि इंग्रजी आकड्यात एकदा. आणि बजेट, अर्थसंकल्प दोन्ही. वीज, विद्युत दोन्ही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका करूनही एकदा शोधा, कारण घाईत बातमी टाकणाऱ्यानेही त्याच केलेल्या असतात.

जुने पीडीएफ उघडून मराठी मजकूर कॉपी केला आणि पेस्ट केल्यावर कचरा आला तर समजायचं की तो युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहे, श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. तो मराठीत शोधून कधीच मिळणार नाही. असे जुने जीआर विभाग, तारीख आणि विषयाच्या यादीतून एकेक उघडूनच बघावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी सापडलेला नाही.

वीस साइटवर आहे म्हणजे खरं आहे

नाही. वीस साइटवर पीटीआय या वृत्तसंस्थेची एकच कॉपी आहे. पहिल्या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा, स्वल्पविरामसुद्धा तिथेच असतो. हा एक सोर्स मोजायचा, वीस नाही. कंपनीची प्रेस रिलीज जशीच्या तशी लावलेली असेल तर तो बातमीदाराचा सोर्स नव्हेच, ती कंपनी स्वतःबद्दल काय म्हणते एवढंच, आणि पुढे पाठवताना तसं लिहून पाठवायचं. "स्पॉन्सर्ड", "ब्रँड डेस्क" असे बारीक अक्षरातले शब्द बघितल्याशिवाय कटिंग पुढे पाठवू नका.

एआयचं उत्तर उचलून पुढे ढकलणं

न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात माटा विरुद्ध अव्हियांका नावाची केस होती. वकिलांनी चॅटजीपीटीला विचारून सहा निकालांचे दाखले दिले, ते निकाल अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये कोर्टाने ५,००० डॉलरचा दंड ठोकला. लॉ लायब्ररीतल्या प्रत्येकाला ही गोष्ट पाठ पाहिजे. आता तर गूगल स्वतःच वरती तयार उत्तर वाढून देतं आणि नवीन मुलं खाली स्क्रोलच करत नाहीत. शब्द सुचायला, एखाद्या विषयात काय काय नावं चालतात ते कळायला मी वापरते एआय, जरूर वापरा. पण दाखला, आकडा, तारीख, कलम यातलं काहीही मूळ कागद स्वतःच्या डोळ्याने बघितल्याशिवाय टेबलावरून हलू द्यायचं नाही. यात मी कोणाचं ऐकत नाही.

काही छोट्या गोष्टी

एकाच साइटवर शोधायला साइट कोलन (site:) लिहाल तेव्हा पुढे स्पेस देऊ नका, स्पेस दिली की तो साधा शब्द होतो. फाइलटाइप कोलन पीडीएफ (filetype:pdf) वापरा, सरकारी अहवाल त्यानेच हाती लागतात. दोनपैकी कुठलाही शब्द चालणार असेल तेव्हाचं ओआर (OR) कॅपिटलमध्येच. गूगलने सांगितलेला रिझल्टचा आकडा अंदाज असतो, तो रिपोर्टमध्ये लिहू नका. अधिक चिन्ह शब्दाआधी लावायचं २०११ मध्येच बंद झालं, तरी क्लासमध्ये अजून शिकवतात, त्याऐवजी शब्द अवतरण चिन्हात टाका किंवा टूल्समधून व्हर्बॅटिम (शब्द जसाच्या तसा शोधणं) लावा.

गूगल अलर्टवर विसंबून राहू नका. तो बरंच सोडतो आणि नको ते बरंच पाठवतो. माझ्या सकाळच्या फेरीत रिझर्व्ह बँक, सेबी, महारेरा (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवरचं नियामक प्राधिकरण), राजपत्र आणि पीआयबी (केंद्र सरकारचं प्रसिद्धी कार्यालय) ही पानं मी स्वतः उघडते, चहा संपेपर्यंत होतं. आणि न्यूज बुलेटिन काढत असाल तर ते छोटं ठेवा, पन्नास लिंकचं बुलेटिन कोणी उघडत नाही, आठ-दहा बातम्या आणि प्रत्येकीखाली ही तुमच्या कामाची का आहे याची एक ओळ.

लिंक म्हणजे कागद नव्हे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२४ च्या अहवालात २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं उरलेली नव्हती. पानाची साठवलेली प्रत दाखवणारी गूगलची कॅश लिंक पण २०२४ मध्ये गेली. जे पाठवाल त्याची पीडीएफ त्याच क्षणी सेव्ह करा, फाइलच्या नावात आधी तारीख, आणि वेबॅक मशीनवर "सेव्ह पेज नाऊ" करून तीही लिंक जोडा. मी दोन्ही करते, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये हल्ला होऊन इंटरनेट आर्काइव्हच काही दिवस बंद होतं.

शोधण्याआधी विचारा. "रेराचा तो निकाल" म्हणणाऱ्याला महारेराचा आदेश हवा असतो, अपिलेट ट्रिब्युनलचा का हायकोर्टाचा, हे त्यालाही पक्कं माहीत नसतं. कशासाठी हवंय, कधीपासूनचं हवंय, किती वाजेपर्यंत हवंय, एवढं विचारल्याशिवाय मी कीबोर्डला हात लावत नाही.

"मॅडम, नाहीये"

पहिलं पान बघून, फार तर दुसरं, आणि उत्तर तयार. अरे, गूगलवर नाही म्हणजे जगात नाही असं कोणी सांगितलं? मराठी वर्तमानपत्रांच्या साइटवर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं फारसं काही टिकलेलं नाही, जे टिकलंय त्यातलं बरंच जुन्या फॉन्टमध्ये अडकलंय. पण कागदावर आहे. टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीत जुनी वर्तमानपत्रं आणि राजपत्रं आहेत, दादरला १८९८ मध्ये स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जुन्या मराठी नियतकालिकांसाठी जाऊन बसावं लागतं. फोर्टातून एशियाटिकला चालत जाता येतं, आणि तरी लोक दिवसभर स्क्रीनसमोर बसून नाही नाही म्हणत राहतात, हे मला कळत नाही.

खरंच सापडलं नाही तर तसं सांगण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त ते नीट सांगा. कुठे शोधलं, कुठल्या कुठल्या नावांनी शोधलं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि कुठे बघायचं राहिलं. चार ओळी होतात. आणि त्या मेलमध्ये लिहा, फोनवर सांगू नका, कारण सहा महिन्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या टेबलावरून परत येतो आणि तेव्हा त्या चार ओळी काढून पुढचं काम तिथून सुरू करता येतं.