धर्मगुरूचं जाहीर प्रवचन कसं वाचावं: पोलंड, 1979 ते 1984

कम्युनिस्ट राजवटीतलं प्रवचन हाती आलं की माझे विद्यार्थी लगेच त्यात राजकारणाचे छुपे इशारे शोधू लागतात. ते नंतर. आधी तारीख आणि जागा बघा.

उदाहरणार्थ मूळचे पोलंडचेच असलेले पोप जॉन पॉल दुसरे, 2 जून 1979, राजधानी वॉर्साचा विजय चौक. खरं तर त्यांना मे महिन्यात यायचं होतं. राजाशी वैर पत्करून 1079 मध्ये मारले गेलेले बिशप स्तानिस्वाव, त्यांच्या हौतात्म्याला तेव्हा 900 वर्षं होत होती. सरकारला ही आठवण झोंबणारच! मे नाकारला, जून दिला. एवढं ठाऊक असलं की प्रवचनात नुसतं त्या संताचं नाव आलं तरी कान टवकारले जातात.

मग पेन्सिल घ्या आणि शास्त्रवचन कुठे संपतं तिथे खूण करा. कीर्तनात अभंग संपून बुवांचं स्वतःचं बोलणं सुरू होतं, ती जागा जशी पकडतो तशी. दुसऱ्या दिवशी पेन्टेकॉस्टचा, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याचा सण होता, म्हणून पोपनी बायबलमधल्या स्तोत्र 104 मधली विनवणी केली: तुझा आत्मा उतरो आणि पृथ्वीचं रूप नवं होवो. स्तोत्रात एवढंच आहे. त्यांनी पुढे जोडलं, 'या भूमीचं'. सगळा भार त्या जोडलेल्या तुकड्यावर आहे.

चित्रफीत बघणार असाल तर जरा जपून. पोलंडच्या सरकारी दूरचित्रवाणीचे कॅमेरे अफाट गर्दी टाळत होते. म्हाताऱ्या बायका आणि नन्सच जास्त दिसतात. ध्वनिमुद्रण मिळालं तर उत्तम, टाळ्यांनी वाक्य कुठे तुटतं ते कळतं.

आता सर्वांत महत्त्वाचं: प्रत्येक मागणीखाली रेघ मारा आणि विचारा, हे कोणाकडे मागितलंय? फादर येझी पोपिएवुश्को लष्करी कायद्याच्या काळात आणि त्यानंतरही वॉर्सातल्या झोलिबोझ भागातल्या चर्चमध्ये दर महिन्याला 'मातृभूमीसाठी मिस्सा' (मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना) करत. गर्दी रस्त्यावर सांडायची. सरकारवर टीका असायचीच, पण मागणं बहुतेक समोरच्या माणसाकडे: खोट्यात सामील होऊ नका, वाइटाला चांगल्याने जिंका. नुसते इशारे शोधणाऱ्याच्या हातून नेमकं हेच निसटतं, असं माझं मत.

शेवटी विरोधकाचं वाचनही घ्या. सरकारी प्रवक्ते येझी उर्बान यांनी सप्टेंबर 1984 मध्ये टोपणनावाने लिहून या मिस्सांना द्वेषाची सत्रं ठरवलं. त्या लेखाशेजारी फादरांची 19 ऑक्टोबरची बिद्गोश्चमधली प्रार्थना ठेवा: आम्हाला भीतीपासून मुक्त कर, पण त्याहीपेक्षा सूडाच्या आणि हिंसेच्या इच्छेपासून. त्याच रात्री परतीच्या वाटेवर सुरक्षा खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पळवून नेऊन ठार मारलं. दोन्ही मजकूर वर्गात वाटा, आणि उर्बान यांचा आरोप कोणत्या ओळीवर टिकतो ते विद्यार्थ्यांना बोट ठेवून दाखवायला सांगा.