व्यापारी शेतीचे प्रकार लिहिताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतील शिकवणीवर्गांमध्ये बारावी भूगोलाच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना असे आढळते की, व्यापारी शेतीच्या प्रश्नात गुण जातात ते पाठांतर कमी पडल्यामुळे कमी आणि पिकाचे नाव दिसताच शेतीचा प्रकार ठरवून टाकल्यामुळे जास्त. गहू दिसला की विस्तृत धान्य शेती आणि द्राक्षे दिसली की भूमध्य सागरी शेती, अशा जोड्या लावून विद्यार्थी मोकळे होतात. प्रत्यक्षात माल कोणासाठी पिकवला जातो, जमीन, भांडवल आणि मजूर यांचे प्रमाण काय, हवामान कोणते आणि बाजारपेठ किती लांब, यांवरून प्रकार ठरतो. पंजाबात भात प्रामुख्याने विक्रीसाठी घेतला जातो, म्हणून तेथे ती व्यापारी शेती ठरते. ओडिशात मात्र अनेक शेतकरी तोच भात घरच्या वापरासाठी पिकवतात, म्हणून तेथे ती उदरनिर्वाहाची शेती होते.

नाशिकच्या द्राक्षांबाबत तर हमखास घोटाळा होतो. भूमध्य सागरी शेतीचे मर्म द्राक्षात नसून हिवाळी पाऊस आणि कोरडा उन्हाळा यांत आहे, आणि म्हणूनच ती भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांबरोबर कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचा नैर्ऋत्य भाग आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण किनारा एवढ्याच पट्ट्यांत आढळते. नाशिकला पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि तेथील बागायतदार एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन छाटण्या घेऊन मोसमी हवामानात द्राक्ष बसवतो. तेथे वाइन तयार होते म्हणून नाशिक भूमध्य सागरी होत नाही. ती व्यापारी फलोद्यान शेती आहे.

दुसरी चूक अधिक खोलवरची आहे. व्यापारी शेती म्हणजे हेक्टरी भरघोस उत्पादन, असे गृहीत धरून पुढचे सगळे उत्तर त्यावर रचले जाते. अमेरिका व कॅनडातील प्रेअरी, युक्रेन, रशिया व कझाकस्तानमधील स्टेप, अर्जेंटिनातील पंपास आणि ऑस्ट्रेलियातील डाउन्स या गवताळ प्रदेशांत विस्तृत धान्य शेती चालते; येथे पाऊस बेताचा, जमीन अफाट आणि माणसे थोडी असल्यामुळे पेरणीपासून मळणीपर्यंतचे काम यंत्रे करतात. ऑस्ट्रेलियात गव्हाचे सरासरी हेक्टरी उत्पादन साधारण २ टन निघते, तर भारतात ते साडेतीन टनांच्या आसपास आहे. तरीही ऑस्ट्रेलिया निम्म्याहून अधिक गहू निर्यात करतो, कारण तेथे दरडोई उत्पादन प्रचंड आहे आणि खाणारी तोंडे कमी. उत्तरात ‘हेक्टरी कमी, दरडोई जास्त’ हे स्पष्ट लिहावे.

मळ्याची शेती लिहिताना कोकणातील हापूसच्या बागा सर्रास उदाहरणादाखल दिल्या जातात. मोठे भांडवल, एकच पीक, पगारी मजूर, वसाहतकाळापासूनची निर्यात आणि मळ्यातच होणारी प्रक्रिया ही या प्रकाराची लक्षणे आहेत. आसामात किंवा श्रीलंकेत खुडलेली चहाची पाने काही तासांत कारखान्यात पोहोचावी लागतात, म्हणून कारखाना मळ्यातच असतो. आंबा उतरवून, पेटीत भरून वाशीला पाठवणाऱ्या घरच्या बागेला ही लक्षणे लागू होत नाहीत. रबराबाबत मूळस्थान आणि लागवडीचे ठिकाण यांची गल्लत टाळावी. झाड मूळचे ॲमेझॉन खोऱ्यातले, परंतु १८७६ मध्ये हेन्री विकहॅम याने बियाणे इंग्लंडला नेले आणि तेथून ते आग्नेय आशियात पोहोचले. ब्राझीलमध्ये पानांवरील करप्यामुळे मळे टिकले नाहीत. आज प्रमुख उत्पादक म्हणून थायलंड व इंडोनेशिया यांची नावे द्यावीत.

मंडई बागायतीचे, म्हणजे शहरी बाजारासाठी ताजा, नाशवंत भाजीपाला आणि फुले पिकवणाऱ्या शेतीचे, उदाहरण आपल्याला शोधत जावे लागत नाही. तुर्भ्याच्या भाजी मार्केटात नाशिक, नारायणगाव आणि साताऱ्याकडच्या गाड्या रात्रभर प्रवास करून उजाडण्यापूर्वी लागतात, आणि पहाटे तजेलदार असलेली कोथिंबिरीची जुडी दुपारी माना टाकू लागली की भावही उतरतो. या शेतीत अंतर किलोमीटरपेक्षा वेळेत मोजले जाते, म्हणून नेदरलँड्समधील फुले विमानाने दुसऱ्या खंडात जाऊनही याच प्रकारात बसतात. कांदाचाळीत साठवला की महिनोन्महिने टिकणारा लासलगावचा उन्हाळ कांदा त्याच आवारातील दुसऱ्या मार्केटात येत असला, तरी या उत्तरात तो देऊ नये.

मिश्र शेती म्हणजे बाजरीत तूर पेरणे नव्हे. ते मिश्र पीक झाले. मिश्र शेतीत पिकांना पशुपालनाची जोड असते, आणि तिची क्षेत्रे वायव्य युरोप व अमेरिकेचा पूर्व भाग ही आहेत.

जुन्या गाइडमध्ये डहाणूचे चिकू ठाणे जिल्ह्यात दाखवलेले असतात. १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा नकाशा भरताना तेवढी दुरुस्ती करावी.