यानाच्या रेडिओलहरींवरून उपग्रहाचे गुरुत्व कसे काढावे

कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे गणित घरच्या संगणकावरही करून पाहता येते, कारण शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या रेडिओ मागोव्याच्या नोंदी नासाने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. सुरुवात शनीच्या एन्सेलेडस या उपग्रहापासून करावी.

पृथ्वीवरील अँटेना अतिशय स्थिर वारंवारतेची लहर पाठवतो, यान ती ठरावीक गुणोत्तराने बदलून परतवते, आणि परतलेल्या लहरीच्या डॉप्लर फरकावरून (गतीमुळे वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून) यानाचा दृष्टिरेषेतील वेग कळतो. ८.४ गिगाहर्ट्झला सेकंदाला १ मिलिमीटर वेगबदल म्हणजे सुमारे ०.०५६ हर्ट्झ.

नोंदी उघडण्यापूर्वी अपेक्षित परिणाम कागदावर काढावा. एन्सेलेडसचे जीएम (गुरुत्व स्थिरांक व वस्तुमान यांचा गुणाकार) सुमारे ७.२ घन किमी प्रति वर्ग सेकंद आणि त्रिज्या २५२ किमी आहे; यान पृष्ठभागापासून १०० किमीवरून सेकंदाला ६.५ किमी वेगाने गेले असे धरल्यास, जीएमच्या दुपटीला केंद्रापासूनचे अंतर व वेग यांच्या गुणाकाराने भागून वेगबदल सेकंदाला सुमारे ६.३ मीटर येतो. मात्र हा धक्का दृष्टिरेषेला काटकोनात असेल, तर डॉप्लरमध्ये तो जवळजवळ दिसणारच नाही. म्हणून भूमिती आधी तपासावी.

खरा वेळ जातो तो गुरुत्व नसलेले सारे वजा करण्यात. सौरवाऱ्यातील प्लाझ्माचा परिणाम वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात विलंब घडवतो, त्यामुळे एक्स (सुमारे ८.४ गिगाहर्ट्झ) आणि केए (सुमारे ३२ गिगाहर्ट्झ) या दोन वारंवारता-पट्ट्यांची तुलना करून तो वेगळा करता येतो. वातावरणातील बाष्पाला ही युक्ती लागू पडत नाही, तेथे स्वतंत्र मोजमाप लागते. (आषाढातल्या कोल्हापुरी हवेत अँटेना उभारायची वेळ आली नाही, हे बरेच.) यानाच्या औष्णिक विद्युतस्रोतांच्या उष्णतेचा सूक्ष्म रेटाही धरावा लागतो.

त्यानंतर शनी, सूर्य व इतर उपग्रह यांच्या ओढीसह कक्षा गणिताने मांडावी, अपेक्षित डॉप्लर काढावा आणि न्यूनतम वर्ग पद्धतीने (फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करून) जीएम व यानाची आरंभस्थिती सुधारत राहावे. उरलेला फरक नुसता गोंगाट वाटेपर्यंत थांबू नये. निकटतम क्षणाभोवती ठरावीक आकार उरला, तर उपग्रहाच्या चपटेपणाचे पद जोडावे. मात्र दक्षिण ध्रुवावरून जाताना तेथून उसळणाऱ्या बाष्प-बर्फाच्या फवाऱ्यांचे घर्षणही तसाच ठसा उमटवू शकते. उपग्रहाजवळून जाणाऱ्या एकाच फेरीतून हे सारे सुटे होत नाही, म्हणूनच एन्सेलेडससाठी २०१० ते २०१२ दरम्यानच्या तीन फेऱ्या, त्यांपैकी एक उत्तर गोलार्धावरची, एकत्र सोडवाव्या लागल्या.