ठाण्यातून डायरेक्ट उणे तीसमध्ये: जानेवारीत कॅनडाला जाणाऱ्यांनी काय करायचं

तलावपाळीवर सकाळी १६ डिग्री झालं की आपल्याकडे कानटोप्या बाहेर पडतात, आणि इथलीच मुलं जानेवारीच्या इनटेकला, म्हणजे कॉलेजच्या जानेवारीतल्या प्रवेशाला, विनिपेग नाहीतर एडमंटनला चाललीयेत. विनिपेगला जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान उणे २१ च्या आसपास असतं, थंडीची लाट आली की उणे ३० आणि त्याच्याही खाली. मी तिथे काही हिवाळे काढून आता परत घोडबंदर रोडला राहायला आलोय, त्यामुळे डिसेंबर लागला की सोसायटीतले कोणाचे ना कोणाचे आईबाबा विचारायला येतातच, आणि पहिला प्रश्न ठरलेला, जॅकेट कुठून घ्यायचं. अहो जॅकेटचं नंतर बघू. अंग कोरडं ठेवायचं, वारा आत शिरू द्यायचा नाही आणि बाहेर किती वेळ थांबायचंय ते घरातून निघतानाच ठरवायचं, आधी हे डोक्यात बसू दे.

खरेदी म्हणाल तर इथून फक्त थर्मल न्या, दोन-तीन जोड, पॉलिस्टरचे किंवा बजेट असेल तर मेरिनो लोकरीचे. कॉटनचे बिलकुल नको. कॉटन घाम पिऊन ओलं राहतं आणि बसस्टॉपवर उभं राहिलात की तोच ओलावा अंगातली उष्णता ओढून घेतो. थर्मलवर फ्लीस (मऊ, लोकरीसारखं कृत्रिम कापड) नाहीतर आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर (हा खरंच कामाचा आहे, बॅगेत जागा करा), आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट, मांड्या झाकेल एवढं लांब आणि हूडवालं. हे जॅकेट आणि बर्फाचे बूट मात्र तिकडेच घ्या, इथे जे हेवी विंटर म्हणून विकतात ते मनाली ट्रिपच्या हिशोबाचं असतं, आणि तिकडे सेकंडहँड दुकानांत चांगला माल स्वस्तात मिळतो. पण मग विमानतळावरून बाहेर पडताना काय घालणार? म्हणून जे काही सगळ्यात जाड असेल ते, टोपी आणि हातमोजे केबिन बॅगेत ठेवा, चेक-इन बॅग उशिरा आली किंवा मधल्या विमानतळावर अडकली तर पहिल्याच रात्री पंचाईत.

बूट घेताना जाड मोजा घालून ट्राय करा आणि आत बोटं हलली पाहिजेत. आपल्याकडची हौशी मंडळी दोन-दोन मोजे कोंबतात, त्याने पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. एकच जाड लोकरीचा मोजा बास. हातांना पाच बोटांच्या ग्लोव्ह्जपेक्षा मिटन्स बरे, म्हणजे ज्यात चारही बोटं एकत्र राहतात ते. आणि डोक्याला, मुलांना ज्याची लाज वाटते ती माकडटोपी! तिकडे त्याच वस्तूला बॅलाक्लाव्हा म्हणून डॉलर मोजतात.

हवामान बघताना नुसतं तापमान बघू नका, विंडचिल बघा, म्हणजे वाऱ्यामुळे प्रत्यक्ष किती गार लागतं तो आकडा. उणे २५ असेल आणि ताशी ३० किमीचा वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे ३९ सारखं लागतं, आणि एवढ्या विंडचिलला उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली गेलं तर ५ ते १० मिनिटं. म्हणून बसचा लाइव्ह टायमिंग अॅपवर बघून मगच खाली उतरायचं, आधी जाऊन उभं राहायची आपली ठाणे स्टेशनची सवय तिकडे सोडायची. अजून एक, लख्ख ऊन दिसलं म्हणून फसू नका, तिकडचे मोकळ्या आभाळाचे दिवस बरेचदा सगळ्यात गार असतात. केस ओले ठेवून बाहेर पडायचं नाही. कानातलं धातूचं असेल तर काढून ठेवा, पटकन गार पडतं आणि कानाची पाळी आधी गोठते.

आता महत्त्वाचं, फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीने कातडी गोठणं. नाक, कान, गाल आणि हातापायाची बोटं आधी जातात. गोऱ्या कातडीवर पांढरा डाग लगेच दिसतो, आपल्या रंगावर तो पटकन कळत नाही, त्यामुळे दिसण्यापेक्षा जाणिवेवर लक्ष द्या: आधी टोचतं, दुखतं, मग अचानक काहीच लागेनासं होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं वाटायला लागलं असं समजू नका, तीच वेळ आत जायची. आत गेल्यावर चोळायचं नाही! आपल्याकडे गार हात दिसला की आई पहिली चोळायलाच घेते, पण गोठलेला भाग चोळला तर आत इजा होते. हीटरवर पण धरू नका, बधिर बोटाला चटका बसलेला कळत नाही. ३७ ते ३९ डिग्रीच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, आणि कातडी कडक किंवा मेणासारखी लागत असेल, फोड आले असतील तर सरळ हॉस्पिटल. कोणी बरळायला लागलं, धडपडायला लागलं, किंवा जोरात कुडकुडत होतं ते थांबलं आणि माणूस सुस्त झाला तर ९११ हा तिकडचा इमर्जन्सी नंबर लावा. त्याला गरम व्हावं म्हणून दारू पाजू नका, दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, वरवर ऊब वाटते आणि शरीर आतून अजून गार होतं.

घरात २०-२१ डिग्री असतं त्यामुळे थंडी वाजत नाही, पण हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की शॉक बसतो. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) घ्या, व्हॅसलीन लावा. खोबरेल तेल घरातसुद्धा थिजलेलंच राहतं, ते २४ डिग्रीच्या आसपासच घट्ट होतं, तर बाटली नेऊ नका, रुंद तोंडाचा डबा न्या. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी ४०-५० टक्क्यांवरूनही धाडकन बंद पडते, आणि घरी आल्यावर तो गार असतानाच चार्जिंगला लावू नका. दम्याचा पंप पण आतल्या खिशातच, आणि नाकातोंडावर स्कार्फ, कारण गार कोरड्या हवेने दमा उसळतो.

कोणाकडे गाडी असेल तर पुढच्या जाळीतून वायर लोंबताना दिसेल, इथून गेलेल्यांना वाटतं सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या आहेत, पण तो इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर, रात्रीच प्लगला लावायचा. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. हायवेवर बर्फात अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका, आधी सायलेन्सरपाशी साचलेला बर्फ काढा नाहीतर विषारी वायू आत भरतो, मग तासाला साधारण १० मिनिटं इंजिन चालू, काच किंचित खाली. डिकीत ब्लँकेट, फावडं, जादा मोजे आणि डिंकाचे लाडू ठेवा, लाडू गोठून दगड होतात तेव्हा ते पुढे सीटपाशी ठेवलेले बरे.