खोगिराचा गलेट बार बदलताना

घोड्याचे वजन किंवा स्नायू बदलले की कालपर्यंत नीट बसणारे खोगीरही त्याला टोचू लागते, म्हणून गलेट बार, म्हणजे खोगिराच्या पुढच्या भागातली रुंदी ठरवणारी, बदलता येणारी धातूची पट्टी, बदलण्यापूर्वी खाली घोंगडी न घालता ते उघड्या पाठीवर ठेवून पाहावे. पुढचा भाग उचललेला आणि बैठक मागे कललेली दिसली, तर बार बहुधा अरुंद असतो. पुढचा भाग खाली बसून खांद्यांमधल्या उंचवट्याला टेकू लागला, तर तो रुंद असतो. स्वार बसल्यावरही त्या उंचवट्यावर दोन-तीन बोटे जागा राहिली पाहिजे.

नवा बार त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलसाठी असलेलाच घ्यावा, कारण रंगांवरून रुंदी ओळखण्याची पद्धत सर्वत्र सारखी नसते. जुन्या बारचे स्क्रू काढून नवा बार बसवताना त्याची दोन्ही टोके खाचेत पूर्ण गेली आहेत ना, हे बोटांनी चाचपावे आणि मगच स्क्रू दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून आवळावेत. मात्र बार बदलल्याने केवळ पुढची रुंदी बदलते. खोगिराच्या खालच्या गाद्यांमधली विषम भरण त्याने सुधारत नाही, आणि ते काम माझ्या मते जाणकार कारागिराकडेच सोपवावे. पहिल्या रपेटीनंतर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा डाग दिसल्यास तिथे दाब पडत असावा, असे समजून खोगीर पुन्हा तपासावे.