सासू-सासऱ्यांचा जुना ओव्हरस्टे आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड: कुठून सुरुवात करायची?

नातवंडांसाठी आलेल्या सासूबाई विमानतळावर मिळालेल्या मुदतीपेक्षा काही महिने जास्त राहिल्या आणि मग भारतात परतल्या. त्याला काही वर्षं झाली. आता बायको अमेरिकेची नागरिक झाली आहे आणि घरात विषय निघालाय, आईचं ग्रीन कार्ड करूया. अशा वेळी बहुतेक जण आधी फॉर्म डाउनलोड करतात. माझं सांगणं असं की फॉर्म नंतर, आधी जुने पासपोर्ट काढा आणि दिवस मोजा. पुढचं जवळजवळ सगळं त्या मोजणीवर ठरतं. पुष्कळदा मोजल्यावर कळतं की ज्या अडचणीला आपण घाबरत होतो ती केव्हाच संपली आहे. क्वचित उलटंही निघतं, आणि तेही फी भरण्याआधी कळलेलं बरं.

पायरी १: अर्ज कोण करणार ते ठरवा

अमेरिकेच्या कायद्यात सासू-सासऱ्यांसाठी वेगळी कॅटेगरी नाही. जावई जन्माने अमेरिकन असला तरी तो सासूसाठी आय-१३० (नातेवाइकाच्या ग्रीन कार्डसाठीचा पहिला अर्ज) भरू शकत नाही, आणि सूनही नाही. अर्ज त्यांच्या स्वतःच्या मुलानेच किंवा मुलीनेच करायचा. ती व्यक्ती अमेरिकेची नागरिक हवी आणि २१ वर्षं पूर्ण झालेली हवी. नुसतं ग्रीन कार्ड असेल तर आई-वडिलांसाठी अर्जच करता येत नाही, नागरिकत्वाची वाट बघावी लागते. मेव्हणी किंवा मेव्हणा आधीच नागरिक असेल तर अर्ज त्यांच्याकडून होऊ शकतो. घरातल्या घरात हे आधी विचारून घ्या, वर्षं वाचतात.

दोघांसाठी दोन स्वतंत्र अर्ज लागतात. सासऱ्यांच्या अर्जावर सासूबाई आपोआप येत नाहीत, आणि धाकटा अविवाहित मेव्हणा तर मुळीच नाही. नागरिकाच्या आई-वडिलांना वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जासारखी दीड-दोन दशकांची रांगही नाही.

पायरी २: दिवस मोजा

मोजणी व्हिसावरून करू नका. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. पासपोर्टवरचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ (व्हिजिटर) व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. किती दिवस राहायचं ते आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर लिहिलेलं असतं, बहुधा सहा महिने. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून बेकायदा वास्तव्याचे दिवस सुरू होतात आणि देश सोडेपर्यंत चालतात.

अलीकडच्या प्रवासांचा आय-९४ आणि येण्या-जाण्याचा इतिहास अमेरिकेच्या सीमा-शुल्क खात्याच्या वेबसाइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून मिळतो. एप्रिल २०१३ पर्यंत विमानाने येणाऱ्यांना पांढरं कार्ड मिळायचं, ते पासपोर्टला स्टेपल केलेलं असे आणि परतताना विमान कंपनी काढून घेई. ते कार्ड जुन्या पासपोर्टात अजून तसंच असेल तर सासूबाई गेल्याची नोंद त्यांच्याकडे झालीच नसण्याची शक्यता आहे. अमेरिका बाहेर जाताना शिक्का मारत नाही. म्हणून भारतात उतरल्यावर मुंबई विमानतळावर पडलेला शिक्का हाच तुमचा मोठा पुरावा. नूतनीकरणात कोपरा कापून परत आलेला पासपोर्ट ‘रद्द झालाय’ म्हणून कुणी टाकून दिला नसेल अशी आशा करूया. तो नसेल तर विमानाचं तिकीट, बोर्डिंग पास, परतल्यानंतरच्या बँकेच्या किंवा दवाखान्याच्या नोंदी गोळा करा. अमेरिकन खात्याकडे माहितीच्या कायद्याखाली जुन्या नोंदीही मागता येतात.

मोजताना काही दिवस वगळले जातात. मुदत संपण्याआधी आय-५३९ भरून मुदतवाढ मागितली असेल, तर तो अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस साधारणपणे धरत नाहीत. पुढे अर्ज नाकारला गेला तर मोजणी नकाराच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. हे कोविडमध्ये अडकलेल्यांसाठी फार महत्त्वाचं आहे. २३ मार्च २०२० पासून भारतात येणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि ‘वंदे भारत’ची उड्डाणं मे महिन्यात सुरू झाली. त्या काळात ज्यांनी मुदतवाढ मागितली त्यांची पावती आज सोन्यासारखी आहे. ज्यांनी मागितली नाही, त्यांचे दिवस विमानं बंद असली तरी मोजले जाऊ शकतात.

पायरी ३: आकडा कुठे बसतो ते बघा

बेकायदा राहून देश सोडणाऱ्याला परत येण्यावर बंदी घालणारा नियम १९९६ च्या कायद्यातला आहे आणि मोजणी १ एप्रिल १९९७ पासूनच्या दिवसांचीच होते.

एका मुक्कामात बेकायदा दिवस १८० किंवा कमी असतील तर वर्षांची बंदी नाही. १८० पेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी असतील तर देश सोडल्यापासून ३ वर्षं बंदी. एक वर्ष किंवा जास्त असतील तर १० वर्षं. या दोन बंद्यांसाठी वेगवेगळ्या मुक्कामांतले दिवस एकत्र धरत नाहीत, त्यामुळे २०१४ मधले शंभर आणि २०१८ मधले शंभर मिळून दोनशे होत नाहीत.

समजा सासूबाईंची मुदत १२ एप्रिल २०२० ला संपली, मुदतवाढ मागितली नव्हती, आणि त्या २० जानेवारी २०२१ ला परतल्या. म्हणजे नऊ महिन्यांच्या आसपास. बंदी ३ वर्षांची, आणि ती जानेवारी २०२४ मध्ये संपली. आज त्यांना वेव्हरची, म्हणजे बंदीतून सूट मागण्याची, गरज नाही. वकिलाने वेव्हरचं भलंमोठं अंदाजपत्रक दिलं असेल तर हे गणित त्याच्यासमोर ठेवा.

या हिशोबात न बसणारी प्रकरणंही असतात. एकूण वर्षभरापेक्षा जास्त बेकायदा राहून पुन्हा चोरवाटेने आत शिरलेल्यांना कायमची बंदी लागते आणि दहा वर्षं बाहेर काढल्याशिवाय परवानगीसुद्धा मागता येत नाही. विमानतळावरून परत पाठवलं असेल किंवा न्यायाधीशाने हद्दपारीचा आदेश दिला असेल, तर त्याच्या बंद्या वेगळ्या असतात. असं काही असेल तर इथेच थांबून इमिग्रेशन वकील गाठा.

आणखी एक गोष्ट. मुदतीपेक्षा एक दिवस जरी जास्त राहिलं तरी तो व्हिजिटर व्हिसा आपोआप रद्द होतो. स्टिकरवर अजून चार वर्षं दिसतात म्हणून त्यावर तिकीट काढू नका.

सासू-सासरे अजून अमेरिकेतच असतील तर

तर त्यांना भारतात पाठवण्याची घाई करू नका. ही बंदी देश सोडल्यावर लागू होते. तपासणीतून, व्हिसावर रीतसर आत आलेले नागरिकाचे आई-वडील मुदत संपलेली असली तरी अमेरिकेतच आय-४८५ भरून ग्रीन कार्ड मागू शकतात. जवळच्या नातेवाइकांना कायद्यात ही सवलत आहे. ‘आधी घरी जाऊन येऊ, मग मुंबईतून करू’ हा सल्ला १८० दिवस उलटलेल्या माणसासाठी घातक ठरतो. मात्र अर्ज नाकारला गेला तर हद्दपारीची कारवाई सुरू होऊ शकते, आणि अलीकडे ती शक्यता वाढली आहे. त्यामुळे इथे वकिलाचे पैसे वाचवू नयेत.

पायरी ४: लपवू नका

वकिलातीतल्या व्हिसासाठी भरायच्या डीएस-२६० फॉर्ममध्ये पूर्वी बेकायदा राहिलात का, व्हिसाच्या अटी मोडल्या का, असा प्रश्न आहे. बंदी संपलेली असली तरी उत्तर ‘हो’च द्यायचं आणि तारखांसह दोन ओळींत कारण लिहायचं. फॉर्म बहुधा जावई किंवा सून भरते, सासऱ्यांना त्यात काय लिहिलंय ते ठाऊकही नसतं, आणि मुलाखतीत काउंटरपलीकडचा अधिकारी थेट त्यांनाच विचारतो. म्हणून फॉर्म त्यांना मराठीत वाचून दाखवा.

खोटं उत्तर पकडलं गेलं तर फसवणुकीची बंदी लागते आणि ती आयुष्यभराची असते. केवळ थांबून संपणारी अडचण आपण आपल्या हाताने कधीच न संपणारी करून घेतो. एखादा ट्रॅव्हल एजंट म्हणेल, ‘एवढ्या जुन्या नोंदी कोण बघतंय?’ तो सोबत मुलाखतीला येणार नसतो. अमेरिकन इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला तिथल्या परवानाधारक वकिलाकडून किंवा सरकारमान्य प्रतिनिधीकडूनच घ्या.

पायरी ५: बंदी शिल्लक असेल तर वेव्हर मिळेल का?

इथे बहुतेक कुटुंबांचा हिरमोड होतो. आय-६०१ वेव्हरसाठी ‘टोकाचा त्रास’ दाखवावा लागतो, पण कुणाचा? ज्याच्यावर बंदी आहे त्याच्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचा किंवा आई-वडिलांचा. मुलीचा त्रास थेट धरत नाहीत. जावई आणि नातवंडं तर नाहीतच. आईशिवाय मुलीची नोकरी आणि दोन लहान मुलं यांची किती ओढाताण होते ते कितीही हृदयद्रावक लिहिलं, तरी कायद्याच्या चौकटीत ते बसत नाही. सत्तरीच्या सासूबाईंचे आई-वडील बहुधा हयात नसतात. उरतो जोडीदार.

म्हणून ओव्हरस्टे दोघांपैकी एकाचाच असेल तर एक वाट उघडते. समजा बाळंतपणासाठी सासूबाई जास्त राहिल्या आणि सासरे वेळेत परतले होते. सासऱ्यांचा अर्ज आधी पूर्ण करा. ते अमेरिकेत येऊन ग्रीन कार्डधारक झाले की सासूबाईंच्या वेव्हरसाठी तेच पात्र नातेवाईक ठरतात. मग त्यांचा त्रास मांडायचा: आजारपण, औषधांची जबाबदारी कोण सांभाळतं, एकटेपणाबद्दल डॉक्टरांचं मत, दोन घरांचा खर्च. ‘मग ते बायकोसोबत भारतातच का राहत नाहीत?’ या प्रश्नाचं उत्तरही कागदांनिशी तयार ठेवा, कारण पुण्या-मुंबईतली इस्पितळं चांगली आहेत हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं. नुसता विरह पुरेसा मानत नाहीत. आणि सासऱ्यांना खरोखर अमेरिकेत राहावं लागेल. पंच्याहत्तरीच्या माणसाला वर्षभर पत्नीपासून दूर ठेवायचं का, याचा निर्णय त्या दोघांनी घ्यावा, मुलांनी नाही.

बंदीचं वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर मी वेव्हरच्या वाटेला जाणार नाही. वेव्हरचा निकाल लागेपर्यंत बंदीच संपून जाते.

फक्त लग्नाकार्यासाठी यायचं असेल तर व्हिजिटर व्हिसासोबत तात्पुरती सूट मागता येते. ती वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या शिफारशीवर मिळते आणि तिला पात्र नातेवाईक लागत नाही. पण ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना ‘मी परत येईन’ हे पटवणं अवघड जातं, तेव्हा दोन्ही एकदम करू नका.

पायरी ६: कागद जमवा

आईसाठी अर्ज करताना मुलीचा जन्मदाखला लागतो, त्यावर आईचं नाव हवं. वडिलांसाठी त्याखेरीज आई-वडिलांच्या लग्नाचा पुरावा. आपल्याकडे अडतं ते नावांवर. जन्मदाखल्यावर आई ‘सुमन’, आधारवर ‘सुमती’, पासपोर्टवर लग्नानंतरचं तिसरंच. मुलीचंही लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. विवाह नोंदणी दाखला, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, यांची साखळी जुळवा.

सासूबाईंचा स्वतःचा जन्म नोंदलेला नसेल तर ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळेचा दाखला व वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडा. आय-१३० सोबतच्या मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर आणि ‘भाषांतर अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन हवं.

पायरी ७: अर्ज, पैसे, जावयाची सही

आय-१३० ची फी २०२४ च्या दरपत्रकानुसार कागदी अर्जाला ६७५ आणि ऑनलाइनला ६२५ डॉलर. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे ३२५ आणि १२० डॉलरच्या दोन फिया. भरण्याआधी त्या दिवसाचा दर बघा.

जावयाचं किंवा सुनेचं काम इथे येतं. आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र अर्जदार मुलीलाच द्यावं लागतं, तिचं उत्पन्न शून्य असलं तरी. एकाच घरात राहणारा नवरा आय-८६४ए वर सही करून आपलं उत्पन्न त्यात जोडू शकतो. उत्पन्न गरिबी-रेषेच्या १२५ टक्के हवं. नवरा-बायको, दोन मुलं आणि सासू-सासरे अशा सहा जणांसाठी २०२५ च्या तक्त्यानुसार ते सुमारे ५३,९०० डॉलर होतं. ही सही हलक्यात घेऊ नका. घटस्फोट झाला तरी जबाबदारी सुटत नाही. सासू-सासरे नागरिक होईपर्यंत, सामाजिक सुरक्षेच्या कामाच्या ४० तिमाही जमेपर्यंत, देश कायमचा सोडेपर्यंत किंवा हयात असेपर्यंत ती राहते.

बंदी अजून चालू असेल तर अर्जाची वेळ साधा. आय-१३० ला बऱ्याचदा वर्षभर किंवा जास्त लागतं, म्हणून बंदी संपण्याच्या साधारण वर्षभर आधी तो दाखल करता येतो. फार आधी केलात तर व्हिसा सेंटरकडे फाइल पडून राहते आणि वर्षभर काहीच हालचाल दिसली नाही तर ती बंद करण्याची प्रक्रिया सुरू होते. मुलाखत बंदी संपल्यानंतरच्या तारखेला पडायला हवी.

पायरी ८: मुंबईतली मुलाखत आणि नंतर

महाराष्ट्रातल्या अर्जदारांची मुलाखत सहसा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. त्याआधी ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे तपासणी व लसीकरण, आणि पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस क्लिअरन्स. ओव्हरस्टेबद्दलचे कागद वेगळ्या फोल्डरमध्ये, तारखांच्या क्रमाने द्या: आय-९४, मुदतवाढीची पावती, परतीचा शिक्का.

अमेरिकेत पोचल्यावर लगेच मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मिळणार नाही. ६५ वर्षांवरच्या ग्रीन कार्डधारकाला त्यासाठी सलग पाच वर्षं वास्तव्य लागतं. तोवरच्या विम्याचा हप्ता आधीच विचारून ठेवा. आणि सासऱ्यांचा बेत ‘सहा महिने तिकडे, सहा महिने कोथरूडला’ असा असेल, तर वर्षापेक्षा जास्त बाहेर राहण्याची वेळ येऊ शकते हे गृहीत धरून आय-१३१ वर रीएंट्री परमिट (लांबच्या मुक्कामानंतर परत येण्याचा परवाना) मागा. तो अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो, कोथरूडहून करता येत नाही.